पाऊण सेकंद

माझ्या वहिनीचा विषय निघाला की माझी बायको म्हणते, "झालं, आता तासभर सुटका नाही." म्हणू दे बापडी. ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? आणि मी नुसतं पाहिलेलं नाही. काचेच्या या बाजूला बसून, कानांना हेडफोन लावून, एकेक अक्षर ऐकलंय.

मी रेकॉर्डिस्ट आहे. इंग्रजी चित्रपट मराठीत बोलते करायचे, हा आमच्या स्टुडिओचा धंदा. पडद्यावर गोरा माणूस इंग्रजीत तोंड हलवतो आणि ऐकू येतं मराठी. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, वाक्याला वाक्य लिहायचं आणि म्हणायचं. या, बसा या खुर्चीत! मूळ नटाने जेवढा वेळ तोंड उघडलं असेल, तेवढाच वेळ आपल्याला मिळतो. त्यापुढे एक अक्षर गेलं की माणूस तोंड मिटून बोलतोय असं दिसतं. आणि जिथे त्याचे ओठ मिटतात, तिथे आपल्याही वाक्यात प, फ, ब, भ, म यांपैकी कोणीतरी हजर पाहिजे, कारण ओठ मिटल्याशिवाय ही मंडळी बाहेर पडत नाहीत. म्हणून बघा हवं तर. मी थांबतो.

आमच्याकडे पंधरा वर्षं एक संवादलेखक होते. त्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणायचे. माणूस विद्वान, अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलेलं बोलताना नटांच्या जिभेला गाठ बसायची. गाडीखाली सापडता सापडता वाचलेला माणूस त्यांच्या संवादात म्हणायचा, "मी क्षणार्धात बचावलो." अहो, जो बचावलाय त्याला क्षणार्ध सुचेल का? पण मालकांना बुवांचा धाक होता आणि मला सवय होती. असं ते चाललं होतं.

मग बुवांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी दीड महिना पडद्यासमोर बसायचं नाही म्हणून बजावलं. नेमका तेव्हाच एक मोठा चित्रपट दारात. मालक डोकं धरून बसले, आणि मी तोंड उघडलं. "माझी वहिनी आहे," मी म्हटलं.

"ती काय करते?"

"घरी असते."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ऑपरेशन करून घ्यायला हवंय.

पण मला माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर, दादा आणि वहिनी खाली. रविवारी दुपारी दादा हॉलमध्येच आडवा व्हायचा, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करायचा दंडक होता. चित्र चालू, आवाज बंद. आणि वहिनी सोफ्याच्या कोपऱ्यात भाजी निवडता निवडता पडद्यावरच्या माणसांना हळूच बोलतं करायची. खलनायक नायिकेला धमकावतोय आणि वहिनी त्याच्या तोंडी घालतेय, "बाई, पावती दाखवल्याशिवाय माल बदलून मिळणार नाही." तिची मुलगी आणि माझी बायको तोंडात पदर कोंबून हसायच्या. मी मात्र हसता हसता एक दिवस चमकलो. वहिनी चेष्टा करत होती, पण ओठ जुळत होते! त्याने तोंड मिटलं की हिचा प-ब-म तयार. वीस वर्षं मी जे पगारी माणसांकडून ओरडून ओरडून करून घेतो, ते ही देठं खुडता खुडता करत होती. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि आपण काही विशेष करतोय याचा तिला पत्ताही नव्हता.

पुढे मुलगी लग्न होऊन दूर गेली, दादा निवृत्त होऊन घरी बसला. एकदा जिन्यात वहिनीने मला थांबवलं. म्हणाली, "भाऊजी, सगळे मला सांगतात, मन रमेल असं काहीतरी बघ. माझं मन रमलेलंच आहे हो. मला काम हवंय. चुकलं तर कोणीतरी जाब विचारेल, असं काम." सत्तावन्न वर्षांची बाई. असं काही मागताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी मालकांपुढे तोंड उघडलं.

मालक तयार झाले, पण अट घातली. चित्रपट बनवणाऱ्या कंपनीची एक तपासनीस बाई असते. ती शेवटच्या दिवशी येऊन सगळं ऐकते आणि चुकलेल्या जागी कागदावर शेरा मारते. "दोन शेरे चालवून घेईन," मालक म्हणाले. "तिसरा पडला की तुमच्या वहिनी घरी. मी बुवांची वाट बघेन." मी ते जसंच्या तसं वहिनीला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "किती वाजता येऊ?"

आता चित्रपटाचं ऐका. डोंगरातलं एक गाव, आणि तिथली सायकलवरून टपाल वाटणारी बाई. लहान मुलांसाठी केलेला, गोड चित्रपट. पण लिहिणाऱ्याला काय अवदसा आठवली होती कोण जाणे, त्याने या टपालवालीला एक खोड लावून दिली होती. कोणीही विचारलं, "कधी येशील?", की ती म्हणणार "लगेच", पण "लगेच" असं सरळ म्हणायचं नाही. दर वेळी नवा वाक्प्रचार. बारा वेळा विचारतात, बारा तऱ्हा! इंग्रजी माणसांकडे थोड्या वेळासाठी इतके शब्द असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांना सारखी घाई असते की सारखा उशीर होतो, देव जाणे.

कंपनीने सोबत शब्दाला शब्द ठेवून केलेला एक मराठी कागद पाठवला होता. तो वाचून मी आणि वहिनी पहिल्या दिवशी अर्धा तास नुसते हसत होतो. टपालवाली म्हणे, "मी कोकराच्या शेपटीच्या दोन झटक्यांत येते." पुढे, "मी एका जिफीत येते." जिफी म्हणजे इंग्रजीतला क्षण, पण ते वाहन आहे असं समजून मालकांनी विचारलं, "पण ती तर सायकलवर आहे ना?" आणि कळस म्हणजे, "तुम्ही जॅक रॉबिन्सन म्हणण्याआधी मी येते." मालकांनी नटांची यादी काढली. रॉबिन्सन सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर बाहेरच्या बाकावर एक भारदस्त आवाजाचा नट तीन कप चहा पिऊन बसलेला. मालकांनी त्याला रॉबिन्सनच्या आवाजासाठी बोलावून ठेवलं होतं! त्याची समजूत घालायला मलाच जावं लागलं. "अहो, तो नुसताच म्हणायचा माणूस आहे, दिसायचा नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग पाहुणा कलाकार का?" मी कपाळावर हात मारला.

वहिनी मात्र कामाला भिडली होती. पडद्याजवळ खुर्ची ओढायची, चष्मा कपाळावर चढवायचा, आणि तो एवढासा तुकडा चाळीस चाळीस वेळा बघायचा. बोटांनी मांडीवर ठेका धरायचा. ओठ मिटले की टिचकी. मग पेन्सिलीने एकच ओळ लिहायची आणि माझ्याकडे सरकवायची.

कोकराच्या शेपटीच्या जागी तिने लिहिलं, "ही गेले न् ही आले!" मी लावून पाहिलं. बसलं. जसं काही त्या गोऱ्या बाईने मूळ तेच म्हटलं होतं. रॉबिन्सनच्या वाक्यात सुरुवातीलाच ओठ मिटत होते, तर हिने लिहिलं, "ब्र काढायच्या आत हजर!" जिफीतल्या फ साठी, "एका फटक्यात आले बघा!" पापणी लवण्याचा एक होता, तो तर सरळ आपलाच निघाला. वहिनीला त्याचा इतका आनंद झाला! "बघा भाऊजी," म्हणाली, "पापणी सगळ्यांची सारखीच लवते." एका ठिकाणी कंपनीच्या कागदात 'काळजाच्या एका ठोक्यात' असं होतं. वहिनीने मान हलवली. "आपल्यात काळजाचा ठोका आला की तो चुकतोच. मुलांना वाटेल, बाई घाबरली." आणि तिथे तिने लिहिलं, "म्हणशील तेव्हा!" कारण तिथे त्या बाईला वेळ सांगायचाच नव्हता, किती आनंदाने येईन ते सांगायचं होतं. हे मला तिने समजावून दिलं तेव्हा कळलं. वीस वर्षं मी या खुर्चीत बसतोय आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

अकरा वाक्यं हा हा म्हणता झाली. घोडं अडलं बाराव्यावर.

चित्रपटाच्या शेवटाकडे गावातली एक लहान मुलगी जुन्या पाणचक्कीत सापडते. फळी कोसळून तिचा पाय अडकलेला. टपालवाली एकटी तिथे पोचते. फळी तिच्याने हलत नाही, माणसं आणायला तिला जावंच लागणार. पण मुलीने तिची बाही मुठीत गच्च धरून ठेवलीय. मुलगी विचारते, "किती वेळ?" सगळा चित्रपटभर हसवणारी ही बाई इथे हसत नाही. पूर्ण पडदाभर तिचा चेहरा. ती एवढंसं काहीतरी म्हणते, घड्याळाची एक टिक होईस्तोवर येते, अशा अर्थाचं. लगेच पुढचं चित्र मुलीच्या मुठीचं. मूठ उघडते. बाही सुटते. मागे संगीत नाही, काही नाही.

मी मोजलं. अठरा फ्रेम. सेकंदाला चोवीस, म्हणजे पाऊण सेकंद. सुरुवातीला ओठ मिटतात, मग तोंड उघडं.

"लगेच येते" लिहून वहिनीने स्वतःच खोडलं, ओठ मिटत नव्हते. "पटकन येते" बसत होतं. लावून पाहिलं, ओठ जुळले, वेळ जुळली. मालक काचेतून अंगठा दाखवून गेले. वहिनीने मात्र पेन्सिल खाली ठेवली नाही.

"काय झालं?" मी विचारलं. "बसलंय की चपखल."

"बसलंय," ती म्हणाली. "पण मी त्या पोरीच्या जागी असते तर बाही सोडली नसती."

गुरुवारची अख्खी दुपार त्या पाऊण सेकंदात गेली. एवढ्यात, इतक्यात, चटकन, झटकन, क्षणात, पळात. कागद भरला. मी वैतागलो. खरं सांगतो, चांगलाच वैतागलो. दुसऱ्या दिवशी चार वाजता तपासनीस बाई येणार होती आणि टपालवालीला आवाज देणारी नटी, जिला तिच्या खणखणीत गळ्यामुळे आम्ही घंटी म्हणतो, ती बाहेर बसून जांभया देत होती. एवढ्यात मालकांनी ऑफिसातून हाक मारली, "वहिनी, जरा इकडे या बरं!" आठवडाभरात सगळा स्टुडिओ तिला वहिनीच म्हणायला लागला होता.

"आलेच!" वहिनीने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं.

आणि तिची पेन्सिल थांबली. ती सावकाश माझ्याकडे वळली.

"भाऊजी, मी आत्ता काय म्हटलं?"

"आलेच म्हणालात."

"आणि आले का?"

"कुठे? बसलायत की इथे."

ती लहान मुलीसारखी हसली. कागदावर लिहिलं, "बघ, आलेच." ब ला ओठ मिटले. पुढे तोंड उघडं. सतरा फ्रेम, आणि एक फ्रेम श्वासाला. मालक तिकडे हाका मारमारून स्वतःच उठून आले, त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

घंटीने पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा शाळेत हजेरी दिल्यासारखं वाटलं. वहिनी उठून आत गेली. माइकजवळ घंटीच्या कानाशी म्हणाली, "अगं, आलेच म्हणताना निघालेली नसायचं, परतलेली असायचं. तू पोचलीस, आता फक्त पाय यायचे राहिलेत." तिसऱ्या टेकला घंटीने ते असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. हेडफोन काढून मी उगाच वायरी तपासत बसलो.

शुक्रवारी चारला तपासनीस बाई आली. तिशीची, चटपटीत, बोलायला नीट. मी तिला वाईट म्हणणार नाही. तिच्या वरच्या लोकांना मराठी येत नाही, म्हणून प्रत्येक मराठी वाक्याचं तिला परत इंग्रजी करून कागदावर भरावं लागतं. ते वाचून वरचे लोक ठरवतात. म्हणजे आमचं काम ते ऐकत नाहीत, त्याची सावली वाचतात.

पहिला शेरा लवकरच पडला. "रॉबिन्सन कुठे गेला?" वहिनीने समजावलं, तिलाही पटलं, हसली सुद्धा. "पण मूळ नाव गाळलंय, नोंद करावीच लागेल," म्हणाली. दुसरा शेरा जिफीवर. "मुलांच्या चित्रपटात फटका हा शब्द नको." यावर वहिनीने जराही वाद घातला नाही. "बरोबर आहे तुमचं, माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाली आणि उभ्या उभ्या "एका फुंकरीत आले बघा" करून दिलं. छानच झालं, पहिल्याहून छान. पण शेरा तो शेराच. मालकांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. पाणचक्की आली. मुलगी म्हणाली, "किती वेळ?" आणि घंटीचा आवाज, "बघ, आलेच."

तपासनीस बाईने हात वर केला. "थांबवा. हे चुकलंय."

"काय चुकलं?" वहिनीने विचारलं.

"काळ चुकलाय. आले म्हणजे भूतकाळ. ती अजून गेली सुद्धा नाहीये. मी याचं इंग्रजी काय लिहू, मी आलेली आहे? वरून लगेच विचारतील, ही बाई जायच्या आधीच कशी आली?" मग तिने स्वतःच तोडगा काढला. "पटकन येते करा ना. ओठ जुळतात, अर्थ जुळतो. मी शेरा मारत नाही."

म्हणजे बघा, सुटका समोर उभी होती. एक शब्द बदलायचा आणि काम पक्कं. मालकांनी डोळ्यांनी वहिनीला खुणावलं, हो म्हणा. आणि मी? मला सांगायला लाज वाटते, पण मीसुद्धा म्हणालो, "वहिनी, करू या ना बदल. कोणाला कळतंय?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मला कळतंय ना, भाऊजी," ती म्हणाली.

मग ती तपासनीस बाईकडे वळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. पण थांबली नाही. "बाई, शेरा मारायचा तर मारा, तुमचा अधिकार आहे. पण माझं ऐकून मारा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दिवसातून पन्नास वेळा आलेच म्हणते. सासूबाईंना औषध हवं, आलेच. पोर झोपेतून रडत उठली, आलेच. यांना किल्ली सापडत नाही, आलेच. त्यातल्या एकाही वेळेला मी आलेली नव्हते. हात कणकेत, नाहीतर साबणात. तरी मला कोणी खोटारडी म्हटलं नाही. पोर तर माझा शब्द ऐकूनच रडायची थांबायची, मी खोलीत पोचायच्या आधी. पटकन येते म्हटलं की त्यात आधी जाणं आलं. त्या मुलीला जाणं ऐकायचंच नाहीये हो. वेळ किती, हेही तिला नकोय. तिला एवढंच हवंय की हे होऊन गेलंय असं कोणीतरी सांगावं. आपल्या भाषेत लगेचच्याही अलीकडचं जे असतं ना, ते आपण झालेलंच म्हणून सांगतो. आलेच. झालंच. निघालेच. याहून थोडा वेळ आपल्याकडे नाही."

मालक छताकडे बघत होते. वहिनीचं बोलणं मी चौतीस वर्षं ऐकतोय, पण एका दमात इतकं बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं.

"दोन्ही ऐकू या का?" मी विचारलं. माझ्या चुकीची तेवढीच भरपाई मला सुचली. गुरुवारी घेतलेलं "पटकन येते" माझ्याकडे होतंच.

आधी ते लावलं. मुलगी विचारते, किती वेळ? टपालवाली म्हणते, पटकन येते. मूठ उघडते. ओठ तंतोतंत जुळले. पण ती मूठ काही खरी वाटेना. दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून पोरीने बाही सोडली, असं झालं.

मग दुसरं लावलं. किती वेळ? बघ, आलेच. मूठ उघडली.

चित्र तेच होतं. एक फ्रेम इकडची तिकडे नाही. पण या वेळी पोरीने बाही सोडली, आपणहून सोडली.

तपासनीस बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "परत एकदा." मी परत लावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेन उचललं तेव्हा मालकांनी डोळे मिटून घेतले.

"पण इंग्रजीत काय लिहू?" त्यांनी विचारलं. या वेळी त्या खरंच विचारत होत्या. "हे इंग्रजीत येतच नाही."

वहिनी म्हणाली, "त्यांनी जे मूळ लिहिलंय तेच लिहा की. त्यांचं त्यांना परत करा. ते बरोबरच आहे."

बाई खळखळून हसल्या. त्यांनी मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं रकान्यात उतरवलं आणि पान उलटलं. शेरा नाही! पुढचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी खाली सही केली. जाताना वहिनीचा हात हातात घेतला आणि मान हलवून गेल्या.

मालक आत गेले आणि दोन्ही हातांत मावणार नाही एवढा गठ्ठा घेऊन आले. सबंध मालिका होती, सव्वीस भाग. वहिनीपुढे ठेवली. "बुवांना मी तपासायला बसवतो," म्हणाले. "लिहायला तुम्ही. सोमवारपासून या." आणि आमच्या मालकांच्या तोंडून मी आजवर न ऐकलेला शब्द निघाला. "कृपया," म्हणाले.

वहिनीने मान डोलावली, पण गठ्ठा सोमवारपर्यंत ठेवायचं तिच्या मनात नव्हतं. वरचं पान काढून ती तिथेच वाचायला लागली. चष्मा कपाळावर, पेन्सिल दातांत. मी टेबल आवरत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता.

"अरे, तुझी वहिनी फोन उचलत नाहीये. दे बरं तिला."

मी फोन तिच्या हातात दिला. आमची खोली आवाज शोषणारी, तिथे फोनमधला कुजबुजता आवाजही स्पष्ट ऐकू येतो. "अगं, कधी येतेस?" दादा म्हणत होता. "साखरेचा डबा कुठे ठेवलायस? मी कधीचा शोधतोय. चहा राहिलाय माझा."

वहिनीने तोंड उघडलं. कुठला शब्द येणार ते मला माहीत होतं. चौतीस वर्षांच्या सवयीने तो जिभेवर आलाच होता, मी डोळ्यांनी पाहिला. तिने हातातल्या पानाकडे बघितलं, समोरच्या बंद पडद्याकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली.

"वेळ म्हणजे? किती?"

"बराच लागेल. साखर खालच्या फळीवर, डाव्या हाताला. तुमची तुम्ही घ्या."

आवाजात राग नव्हता, तोरा नव्हता. चहात साखर किती घालायची ते सांगावं, तितक्या सहज सांगितलं. फोन तसाच माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "भाऊजी, पहिला भाग लावता का जरा? सुरुवातीला हा म्हातारा काय पुटपुटतोय ते बघू दे."

मी फोन कानाला लावला. दादा अजून तिथेच होता. "अरे, काय म्हणाली ही?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

"वेळ लागेल म्हणाली, दादा," मी सांगितलं. मग पुन्हा एकदा नीट सांगितलं. "वेळ लागेल म्हणाली."

मग मी फोन बंद केला आणि तिला पहिला भाग लावून दिला.